शंकासुराचा शिक्का

बर्वेकाका नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, पायांकडे पाहत. माल तपासून आलो असं कुणी सांगावं आणि त्याचे बूट स्वच्छ असावेत, की त्याचं पुढचं एक अक्षर ते ऐकून घेत नसत. दोहातल्या आमच्या तपासणी कंपनीत मी रुजू झालो तो नाशिकहून घेतलेले नवेकोरे बूट घालून. काकांनी ते बूट नीट पाहून घेतले. डिग्री विचारली नाही, आधीची नोकरी विचारली नाही, फक्त गाव विचारलं आणि म्हणाले, "नाशिककर, बाहेर यार्डात एक चक्कर मारून या. मग बोलू." जुलै महिना होता. मी घामाने निथळत, गुडघ्यापर्यंत धूळ घेऊन परत आलो तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं. तेव्हापासून ते मला अरेतुरे करू लागले, आणि ही बढती आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ऑफिसातली आम्ही मराठी माणसं त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत असू. केरळी आणि फिलिपिनो मंडळी मिस्टर डाउट म्हणत. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दोन्हींबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आमचं कामच मुळी संशयाचं. हमद पोर्टवर चीनमधून, तुर्कस्तानातून, आपल्याकडून पोलाद येतं. ते एखाद्या टाकीत किंवा इमारतीत लागण्याआधी, कागदावर लिहिलंय तेच समोर आहे ना, हे कुणीतरी तिऱ्हाइताने पाहायचं. ते तिऱ्हाईत आम्ही. बाकीचे लोक आधी सर्टिफिकेट वाचत आणि मग मालाकडे जात. काका आधी मालाकडे जात. "कागदही कारखान्यानेच पाठवलेला असतो आणि पोलादही," ते म्हणत. "पण पोलादाला खोटं बोलायला जास्त मेहनत पडते."

हा संशय संध्याकाळी ऑफिसात ठेवून ते घरी जात असते, तर काकूंचे दिवस सुखात गेले असते. दोहाच्या बिन महमूद भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हापूसची पेटी आली की ती उलटी करून तळाचा थर आधी उघडला जाई. टॅक्सीवाल्याने अमुक रस्ता बंद आहे म्हटलं की काका त्याच रस्त्याने न्यायला लावत. एका दवाखान्यात तपासलेली साखर ते दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा तपासून घेत, आणि दोन्हीकडचे आकडे जुळले तर त्या दोघांचं काहीतरी साटंलोटं असावं असं म्हणत. "लग्न ठरलं तेव्हा माझ्या शाळेत जाऊन जन्मतारीख बघून आले होते," काकू चारचौघांत सांगत. काका ते नाकारत नसत. तारीख बरोबर निघाली होती, एवढंच ते वर जोडत.

त्यांच्या शिक्क्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आमच्या धंद्यात प्रत्येक तपासनिसाचा स्वतःचा एक पोलादी शिक्का असतो. बोटाएवढा. पास झालेल्या मालावर तो टेकवायचा आणि वरून हातोडी मारायची, की पोलादावर खूण उमटते आणि ती कशानेही पुसता येत नाही. नियम असा, की हा शिक्का दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठोकायचा नाही. नियम सगळ्यांना पाठ होता, आणि ऑगस्टच्या उन्हात सगळेच तो थोडाफार वाकवत. गाडीत एसी लावून बसायचं आणि हाताखालच्या माणसाला म्हणायचं, तू बघितलंस ना, मग यल्ला, चल, ठोकून टाक. काकांचा शिक्का दोरीने शर्टाच्या खिशाला बांधलेला असे. एकदा ते तापाने फणफणले होते आणि बंदरावर माल अडकून पडला होता. मॅनेजरने शिक्का मागायला ड्रायव्हर पाठवला. शिक्का आला नाही. शाल पांघरलेले काका आले, थरथरत सगळा माल पाहिला, स्वतःच्या हाताने ठोकला आणि परत जाऊन झोपले.

एवढी काळजी सरळ माणूस घेत नाही, असं ऑफिसात बोललं जाई. कुणी म्हणे मुंबईत असताना त्यांच्या शिक्क्याने काहीतरी भानगड झाली होती. कुणी म्हणे नोकरी जाता जाता वाचली होती. मलाही वाटे की पाणी कुठेतरी मुरतंय. त्यांच्या आजोबांचं नाव निघालं की काका विषय बदलत, हे मी टिपून ठेवलं होतं. आजोबा पोलादाच्या कारखान्यात होते, इंग्रजांच्या काळात, इतकं बोलून ते ताटातल्या भाजीत मीठ कमी आहे का जास्त याकडे वळत. त्यांच्याच हाताखाली तयार होत होतो, त्यामुळे संशय घ्यायची सवय मलाही लागली होती, आणि पहिला संशय मी त्यांचाच घेतला.

शेवटी सांगितलं ते काकूंनी. एका शुक्रवारी मी जेवायला गेलो होतो आणि काका खाली मेकॅनिकच्या डोक्यावर उभे होते. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "यांच्या आजोबांना कारखान्यातून काढलं होतं. न तपासलेल्या रुळांवर शिक्का मारला म्हणून. ते खरं की खोटं, हे यांना अजून ठरवता येत नाही. आमचे सासरे शेवटपर्यंत म्हणत होते की खोटं आहे. हे काहीच म्हणत नाहीत." मी काही विचारायच्या आत जिन्यावर पावलं वाजली आणि काकूंनी पोळी तव्यावर टाकली.

पुढे काही काकूंकडून, काही खुद्द काकांकडून, तुकड्यातुकड्यांनी सगळं कळलं. आजोबांच्या तरुणपणी देशात पोलादाचे कारखाने नुकते कुठे उभे राहत होते. तिकडे पूर्वेला, जंगल तोडून, भट्ट्या पेटल्या होत्या. मातीचं लोखंड आणि लोखंडाचं पोलाद करायला विलायतेतून आणि अमेरिकेतून माणसं आणली होती, आणि हातमाग सोडून, शेती सोडून मुलखामुलखातून लोक तिथे कामाला आले होते. साताऱ्याकडचे आमच्या काकांचे आजोबा त्यांतलेच. हिंदी माणसाच्या हातून पोलाद होणार नाही, अशी रेल्वेच्या साहेबांची खात्री होती. ते रूळ घेत, पण नाक मुरडून, आणि प्रत्येक खेपेला स्वतःचा इन्स्पेक्टर उभा करून. रुळाचा नमुना दोन टेकूंवर आडवा ठेवायचा आणि वरून भलंमोठं वजन त्यावर पाडायचं. तुटला तर सगळी खेप नापास. वाकून राहिला तर पास, आणि मग साहेबाच्या समोर एक माणूस साहेबाचा शिक्का रुळांच्या टोकांवर ठोकत जाई. तो माणूस म्हणजे आजोबा.

मग पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि नाक मुरडणाऱ्यांनाच रूळ कमी पडू लागले. मेसोपोटेमियात, म्हणजे आमच्या इथून वर बसऱ्याकडे, पलटणींसाठी रेल्वे टाकायची होती. रूळ तयार होत नाहीत तोच जहाजावर चढत होते. अशी एक खेप रवाना झाल्यावर साहेबाने वर कळवलं, की आपण तापाने अंथरुणात होतो आणि आपल्यामागे शिक्का चालवला गेला. आजोबांना काढून टाकलं. गावी परतल्यावर ते जन्मभर सांगत राहिले की साहेब समोर होता. पण लहानपणी ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या नातवाच्या एक लक्षात आलं होतं. कधी गोष्टीतला साहेब उभा असे, कधी खुर्चीत बसलेला असे, आणि एकदा तर तो घोड्यावर होता. नातवाने हे तेव्हा कुणालाही बोलून दाखवलं नाही. मोठा होऊन तो पोलादाचा तपासनीस झाला, आणि जगातल्या सगळ्या कारखान्यांवर संशय घेत राहिला, कारण ज्याच्यावर घ्यायचा होता त्याच्यावर घ्यायची छाती होत नव्हती. हे शेवटचं माझं मत आहे. काकांना ते आवडलं नसतं.

तर काकांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना पश्चिमेकडच्या तेलाच्या गावाहून, दुखानहून, मान्यांचा फोन आला. माने सांगलीकडचे, तिथल्या कंत्राटदाराकडे क्रेन चालवणारे. आमच्या कामावर बरीच वर्षं होते, त्यामुळे जुना रूळ दिसला की काका त्यावरची अक्षरं वाचायला थांबतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेलवाल्यांच्या जुन्या गोदामाचं कुंपण पाडायचं काम चाललं होतं आणि कुंपणाचे खांब म्हणून रूळ पुरलेले निघाले होते. त्यांतल्या एकावर आपल्याकडच्या जुन्या कारखान्याचं, म्हणजे आजोबांच्याच कारखान्याचं नाव होतं. काकांनी फोन ठेवला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, की माने आपली थट्टा करतोय.

थट्टा असेल तर रंगेहाथ पकडावी म्हणून आम्ही सकाळीच निघालो. गाडी अर्थातच काका चालवत होते. वाटेत त्यांनी मला सतरा प्रश्न विचारले: मान्याचा स्वभाव कसा, त्याच्याबरोबर वेल्डर कोण आहे, हल्ली तो कुणाशी बोलतो. मी म्हणालो, काका, तो साधा माणूस आहे. ते म्हणाले, साध्या माणसाला कुणीही कामाला लावतं. दुखानच्या त्या सरळ रस्त्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की ते घाबरलेत. रूळ खोटा निघेल याची भीती नव्हती. खरा निघेल याची होती.

रूळ वाळूत आडवा पडला होता. काकांनी मान्यांशी रामराम केला नाही, सरळ गुडघ्यावर बसले, खिशातून भिंग काढलं आणि रुळाच्या पोटावरच्या उठावाच्या अक्षरांवरून नख फिरवू लागले. कारखान्याचं नाव होतं, युद्धाच्या काळातलं, आजोबांना काढलं त्याच वर्षाचं साल होतं. ते नखाने एकेक अक्षर खरवडत होते आणि माने वर उभे राहून पाहत होते.

"ही तू वेल्डिंगने काढलीस?" काका म्हणाले.

"काका, मला विंग्रजीत सही बी धड येत न्हाई," माने म्हणाले. "मी कुटनं काढू? आनि कशापायी?"

अक्षरं रुळाबरोबरच लाटली गेली होती, हे काकांना पहिल्या मिनिटालाच कळलं असणार. मग ते टोकाकडे गेले. हे टोक सिमेंटात पुरलेलं होतं, त्यामुळे त्याला गंज कमी होता. मान्यांनी छिन्नीने सिमेंट उडवलं, काकांनी स्वतःच्या रुमालाने ते पुसलं. एक गोल आणि त्यात उभी रेघ. पुसट, पण होती. आजोबा पाटीवर काढून दाखवत ती हीच खूण, हे काकांनी मला नंतर सांगितलं; तेव्हा ते फक्त त्या खुणेवर अंगठा ठेवून बसून राहिले. बसऱ्याला उतरलेला रूळ दुखानला कसा आला हे कुणालाच सांगता आलं नाही. तेलवाल्यांनी पुढे कधीतरी तिकडचे जुने रूळ भंगारात विकत घेतले असतील, असं माने म्हणाले. काका म्हणाले, असतील. एखाद्या गोष्टीला ते नुसतं असतील म्हणाले, असं मी प्रथमच ऐकलं.

रूळ भंगारातच जाणार होता, म्हणून मान्यांच्या फोरमनने एक तुकडा कापून दिला. तो तुकडा पायाशी ठेवून आम्ही परत आलो आणि काकांनी तो आमच्या प्रयोगशाळेत दिला, कशाचा आहे ते न सांगता. निकाल चांगला आला. त्यांनी दुसरीकडे दिला. तिथेही चांगला आला. त्या काळच्या मोजमापाने तो रूळ सहज पास झाला असता. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली, शिरा केला, मला मुद्दाम बोलावलं. मीही मोकळा झालो होतो. शंभर वर्षं अंगावर बसलेला डाग गेला, असं मी म्हणालो.

काकांनी शिऱ्याचा चमचा खाली ठेवला. "पोलाद वाईट होतं असा आरोप कधीच नव्हता," ते म्हणाले. "न पाहता ठोकलं, असा होता. पोलाद चांगलं आहे की नाही ते पोलाद सांगेल. ते कुणी पाहिलं होतं की नाही, ते कसं सांगणार?"

काकू आत गेल्या. मला काकांचा राग आला. एवढ्या वर्षांनी घरात एक आनंदाची गोष्ट आली होती आणि त्यांना तीही उलटी करून तळाचा थर बघायचा होता. मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि उरलेला शिरा संपवला.

निवृत्तीची तारीख जवळ आली, फ्लॅट रिकामा होऊ लागला, पुण्याची तिकिटं आली. काकूंनी बांधाबांध सुरू केली, आणि काकांनी काकूंनी बांधलेल्या बॅगा पुन्हा उघडून पाहिल्या नाहीत. काकूंनी हे मला फोन करून सांगितलं. त्यांना ते बरं लक्षण वाटत नव्हतं.

त्यांच्या शेवटच्या दिवशी हमद पोर्टवर एका टाकीसाठी आलेल्या प्लेटा सोडवायच्या होत्या. काकांना निरोप समारंभासाठी ऑफिसात थांबवून ठेवलं होतं, त्यामुळे मी सकाळीच एकटा पुढे गेलो आणि माल पाहून ठेवला. स्वतःचा शिक्का मला अजून मिळाला नव्हता; काका येऊन त्यांचा ठोकणार होते. दुपारी ते आले, गळ्यात समारंभाचा हार तसाच. मी नेहमीप्रमाणे टॉर्च आणि जाडी मोजायचं यंत्र त्यांच्यापुढे धरलं. पहिल्या प्लेटेपासून पुन्हा सगळं होणार हे मी गृहीत धरलं होतं. माझ्या तपासणीवर त्यांनी कधी डोळे मिटून विसंबायचं, हा प्रश्नच नव्हता. मला त्याचं वाईटही वाटेनासं झालं होतं.

त्यांनी यंत्र घेतलं नाही. "पाहिलंस?" एवढंच विचारलं.

"पाहिलं."

त्यांनी खिशाची दोरी सोडली, हार काढून बाजूला ठेवला, गुडघ्यावर बसले आणि पहिल्या प्लेटेच्या कोपऱ्यावर शिक्का टेकवून हातोडी मारली. मग दुसरीवर. नंबरांकडे पाहिलं नाही, कडांवरून बोट फिरवलं नाही, ठोकत गेले. मी काल रात्री नीट झोपलो होतो का, सकाळी ऊन डोळ्यांवर होतं का, तिसऱ्या थप्पीच्या खालच्या प्लेटा मी वाकून पाहिल्या की उभ्यानेच, हे सगळं मला एकदम आठवेनासं झालं.

"काका, एकदा नजर टाका ना," मी म्हणालो.

ते थांबले. घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं, तोंडाकडे. "आजोबांनी न पाहताच ठोकलं असणार," ते म्हणाले. "साहेब नव्हताच तिथे. असता तर गोष्टीत दरवेळी एकाच जागी असता. पण रूळ चांगला निघाला ना, म्हणजे कुणीतरी पाहिला होता. त्यांच्याच बरोबरच्या कुणीतरी. तो म्हणाला असेल, पाहिलाय, आणि आजोबांनी त्याचं ऐकलं. पुढे चौकशीत त्याचं नाव घेतलं नाही, साहेबाला गोष्टीत आणून उभं केलं." मग ते पुन्हा प्लेटेकडे वळले. "दुसऱ्याच्या शब्दावर ठोकताना हात कसा पडतो, ते मला पाहायचं होतं."

कसा पडतो, हे मी विचारलं नाही. त्यांनी सगळ्या प्लेटा ठोकल्या, शिक्का कंपनीत जमा करायला माझ्या हातात दिला, आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. खांद्यावर त्यांचा हात मला आवडला. एवढी वर्षं मी त्या माणसाच्या विश्वासासाठी झुरलो होतो, आणि तो मिळाला तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. ड्रायव्हरने गाडी आणली. काका पाठीमागच्या सीटवर बसले, ड्रायव्हरला रस्ता सांगितला नाही, आणि काच वर करून निघून गेले.

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी हात हलवत राहिलो. मग टॉर्च घेतला, पहिल्या प्लेटेपाशी गुडघ्यावर बसलो आणि नंबर वाचायला सुरुवात केली.